वरचा थर

रात्री पावणेदोनला सर्व्हर पडतो
आणि पुण्याच्या ऑफिसातले अकरा जण
विडी घरकुलातल्या माझ्या खोलीकडे बघतात.
म्हणजे माझ्या नावापुढच्या हिरव्या ठिपक्याकडे.
"श्रीलता आहे ना, मग झालं," कुणीतरी लिहितं.

मी आहे.
किती थोडी आहे हे कुणाला कळू नये
म्हणून चार वर्षं धडपडतेय.

एप्रिल. छताचा पत्रा अजून दुपार विसरला नाही,
पंखा तीच गरम हवा इकडून तिकडे ठेवतो.
परक्या गावात उतरलेला माणूस पाट्या वाचतो
तशी मी लॉग वाचते, ओठ हलवत.
तीन आठवड्यांपूर्वी मीच लिहिलेली ओळ सापडते,
तिच्या डोक्यावर माझीच टीप:
हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.

हात लावते.
सर्व्हर उठतो.

स्क्रीनवर अकरा पिवळे अंगठे.
आईचा अंगठा निळा असतो,
बँकेत, कारखान्याच्या वहीत,
पण तो तिचा असतो.

मुलाखतीत विचारलं ते आदल्याच रात्री वाचलं होतं.
त्या एका रात्रीवर घर चाललंय,
फ्रिजचे हप्ते, भावाचं डिप्लोमा.
जानेवारीत सिनिअर झाले तेव्हा पेढे वाटले नाहीत.
उद्या परत मागितले तर?

चार वाजता आई उठते.
भिजवलेली पानं, फर्मा, कात्री घेऊन उंबऱ्यात बसते,
तिथं जरा तरी वारं लागतं.
"एमे, अजून जागीच? काय करालीस?"
सांगितलं. म्हणजे जेवढं सांगता आलं तेवढं:
मला काही येत नाही, आणि ते अजून कुणी बघितलेलं नाही.

आई हसली नाही.
"लग्न होऊन आले तेव्हा मला कुठं विडी वळता यायची.
वदिना तिच्या दहा जुड्या द्यायची.
सुपात खाली माझ्या, वर तिच्या.
चेकर वरचा थर बघायचा, सूप पुढं ढकलायचा.
दोन वर्षं. रोज पोटात गोळा."
"मग?"
"मग एक नवा चेकर आला, डावखुरा.
त्यानं सूपच उलटं केलं."

ती पानावर फर्मा ठेवते, कापते,
चिमटीत तंबाखू घेते, वळते, दोरा गुंडाळते.
गोष्ट तशीच उलटी पडलेली.
"मग गं?"
"खालच्या वर आल्या. बघितल्या त्यानं. चार फेकल्या.
तेवढ्या तर वदिनाच्या पण फेकायचा.
कधी यायला लागलं, मलाच कळलं नव्हतं."

"वदिनाला सांगितलंस?"
"कशाला? रोज दहा जुड्या फुकट मिळत होत्या."

बरं वाटायला हवं होतं.
मला आधी तो डावखुरा हात दिसला
आणि मानेवरून घाम उतरला.

नऊला मुस्तकीमचा मेसेज.
नवा मुलगा, नई जिंदगीत राहतो, आठवडा झालाय.
मॅडम, ही टीप तुमची का? हे का चालतं?

लिहिलं: नंतर सांगते.
खोडलं.
लिहिलं: ते जरा गुंतागुंतीचं आहे.
तेही खोडलं.
माहीत नाही, असं लिहून
दोन मिनिटं बोट तसंच वर धरलं.
मग पाठवलं, आणि मागोमाग:
कॉल लाव. उलटं करून बघू.

तो बराच वेळ टाइप करत राहिला.
आलं मात्र एवढंच: लावतो.

दीड तास लागला.
अर्धं कळलं. जुनी टीप पुसून
त्या अर्ध्याची नवी लिहिली.
उरलेल्या अर्ध्याला अजून भिते.

दारातून कात्रीचा आवाज येतोय.
आई मोजत नाही.
पंचवीस झाल्या की
हात आपोआप जुडी बांधायला घेतो.